कारखान्यांचीं छपरें आणि सूर्याचें तेज

अहिल्यानगराहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत, घोडेगांव लागतें. शनिशिंगणापुरास जाणारे पुष्कळसे यात्रेकरू येथूनच आंत वळतात, त्यामुळें ह्या गांवाचें नांव अनेकांच्या कानांवरून गेलेलें असेल. तथापि गांवाची खरी ओळख यात्रेची नव्हे, बाजाराची आहे. येथला जनावरांचा बाजार सर्व जिल्ह्यास ठाऊक आहे, आणि नेवासें बाजार समितीच्या येथल्या उपबाजारांत कांद्याचे लिलाव होतात. लिलावाच्या दिवशीं भर दुपारीं येथें उभें राहून मान वर केली, तर नजरेंत प्रथम भरतात ते पत्रे. आडतदारांच्या शेडी, मालाचीं गोदामें, दुकानें, सर्वांवर पत्राच. तो तापून तापून हात लावूं देत नाहीं; त्याच्या खालीं हमाल घामानें निथळत गोण्या शिवीत असतात; आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा मात्र शेंकडों कोसांवर जाळलेल्या कोळशाच्या विजेवर फिरत असतो.

ह्या देखाव्यांत कांहीं तरी उलटें आहे, असें अलीकडे व्यापारी व कारखानदार यांस वाटूं लागलें आहे. छपरावर सोलर पॅनेलें बसवावीं कीं नाहींत, बसविलीं तर पैसे किती वर्षांत फिटतात, ही चर्चा आतां चहाच्या टपरीवरहि ऐकूं येते. त्या चर्चेचा सूर असा, कीं ही एक अगदीं नवी आणि परक्या देशांतून आयती आलेली गोष्ट आहे. आम्हांस हें मान्य नाहीं. कारखान्याचें यंत्र सूर्याच्या तेजावर चालवावें, हा विचार आमच्या प्रांतांत सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं मांडला गेला. आणि नुसता मांडला गेला असें नव्हे, तर लोकांसमक्ष करून दाखविला गेला. तो तेव्हां कां मावळला आणि आज पुन्हां कां उगवला, हें समजल्यावांचून घोडेगांवच्या पत्र्याचा हिशेब नीट मांडतां येणार नाहीं. म्हणून वाचकांनीं प्रथम आमच्याबरोबर जुन्या मुंबईंत यावें.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी स्थापून ताडदेवास जी कापसाची गिरणी उभारली, ती १८५६ सालीं चालू झाली. पुढच्या वीस-बावीस वर्षांत एकामागून एक धुरांडीं उठलीं आणि मुंबई हें गिरण्यांचें शहर झालें. ह्या गिरण्यांस अन्न लागे तें कोळशाचें. इंग्लंडांत गिरणी आणि खाण शेजारीं शेजारीं. येथें गिरणी मुंबईस आणि खाण सातासमुद्रांपलीकडे. बंगालच्या खाणी होत्या, पण त्याहि देशाच्या दुसऱ्या टोंकास. कोळसा विलायतेहून गलबतांत भरून यावयाचा आणि त्याचा भाव इंग्लंडांतल्या भावाच्या कितीतरी पट द्यावयाचा, अशी गिरणीवाल्यांची स्थिति होती. त्यांतच १८७६ ते १८७८ हीं दक्षिणेंतल्या भयंकर दुष्काळाचीं वर्षें. सूर्य माथ्यावर आग ओकीत होता, आणि त्याच्या खालीं माणसें परदेशच्या अग्नीला पैसे मोजीत होतीं.

ह्या वेळीं मुंबईच्या हायकोर्टांत विल्यम ॲडम्स नांवाचा एक इंग्रज गृहस्थ डेप्युटी रजिस्ट्रार होता. नोकरी कागदपत्रांची, पण डोक्यांत विचार सूर्याचा. फ्रान्समध्यें तूर येथील गणिताचा एक शिक्षक, ऑग्युस्तँ मूशो, १८६० नंतरच्या दशकापासून सूर्याच्या उष्णतेवर वाफेचें यंत्र चालविण्याच्या खटपटींत होता. १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्यानें सूर्याच्या उष्णतेनें बर्फ करून दाखविलें, तेव्हां पाहणारे थक्क झाले. मूशोचा आरसा मोठ्या शंकूसारखा, आंतून चांदीचा मुलामा दिलेला. ॲडम्सला ही रचना पसंत पडली नाहीं. असा शंकु कितीहि मोठा करावयाचा म्हटला तरी त्यास मर्यादा आहे, खर्च फार, आणि मुलामा काळा पडतो, असा त्याचा आक्षेप होता. त्यानें साधी वाट काढिली. बाजारांत मिळणारे सपाट कांचेचे लहान आरसे घ्यावे, ते एका मोठ्या सांगाड्यावर बसवावे, आणि प्रत्येकाचा कोन असा जुळवावा कीं सर्वांचा कवडसा एकाच ठिकाणीं पडेल. शक्ति अधिक पाहिजे असेल तर आरसे वाढवावे. नवें यंत्र ओतावयास नको.

त्याच्या सांगाड्यावर ७२ आरसे होते, प्रत्येक १७ इंच लांब आणि साडेदहा इंच रुंद. सर्वांचे कवडसे एकत्र झाले कीं लांकूड पेट घेई. सांगाडा अर्धवर्तुळाकार रुळावर फिरता ठेविला होता, आणि सूर्य सरकेल तसा तो मजुरानें मधून मधून ढकलावयाचा. कवडसा पडे तो तांब्याच्या स्थिर बॉयलरवर. ह्या रीतीनें ॲडम्सनें कुलाब्यांतील आपल्या बंगल्याच्या आवारांत अडीच अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र दोन आठवडे दिवसां चालवून दाखविलें. पाहावयास वर्तमानपत्रवाले, व्यापारी व सरकारी अंमलदार यांस बोलाविलें होतें. ह्याच सुमारास त्यानें एक सूर्यचूलहि केली. जानेवारी महिन्यांत, म्हणजे मुंबईस ज्याला आपण थंडी म्हणतों त्या दिवसांत, तिच्यावर सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजला. हें सर्व त्यानें १८७८ सालीं मुंबईंतच छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकांत लिहून ठेविलें आहे. उष्ण देशांत सरपणाच्या जागीं सूर्याची उष्णता वापरावी, हा त्याचा विषय.

आज स्पेनांत, अमेरिकेंत वगैरे वाळवंटी मुलुखांत हजारों आरसे एका उंच मनोऱ्याच्या माथ्यावर कवडसे फेंकून वीज उत्पन्न करितात. त्या रचनेचें मूळ शोधणाऱ्यांस कुलाब्याच्या ह्या आवारापर्यंत यावें लागतें. आमच्या मुलांच्या शाळेंतील पुस्तकांत ही गोष्ट असावी, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

आतां प्रश्न असा, कीं यंत्र चाललें असतां प्रयोग कां बसला? कोणी म्हणेल, परकी सरकारला कोळसा विकावयाचा होता. इतकें सोपें उत्तर आम्हांस पटत नाहीं. खुद्द फ्रान्समध्यें मूशोलाहि शेवटीं हाच अनुभव आला. रेल्वे वाढली, कोळसा स्वस्त झाला, आणि सरकारनें त्याच्या यंत्रावरून हात काढून घेतला. पुढें १९१३ सालीं फ्रँक शूमन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें इजिप्तांत कैरोजवळ मादी येथें पन्हळीसारख्या आरशांच्या रांगा मांडून नाईलचें पाणी शेतांत चढविलें. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध सुरू झालें आणि तेंहि काम मोडलें. सूर्याच्या यंत्राचें वैर राजकारणाशीं होतें त्याहून अधिक जमाखर्चाशीं होतें. अडीच अश्वशक्तीला बहात्तर आरसे. गिरणीस लागत शेंकडों अश्वशक्ति. तितके आरसे ठेवावयास जागा कोठें? गिरणी दिवस मावळल्यावरहि चालवावयाची तर काय करावें? आणि जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलें असतां मजुरानें सांगाडा कोणत्या दिशेस ढकलावा? ह्या प्रश्नांस त्या काळीं उत्तर नव्हतें. ॲडम्सचा हिशेब दिवसाचा होता, गिरणीवाल्याचा वर्षाचा.

कोळशापासून मुंबईची सुटका झाली ती दुसऱ्याच मार्गानें. जमशेटजी टाटा यांच्या मनांतली पाण्याच्या विजेची योजना त्यांच्या मृत्यूनंतर सिद्धीस गेली; १९१० सालीं कंपनी निघाली, लोणावळ्यास धरणें झालीं, आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज गिरण्यांस मिळूं लागली. गमतीची गोष्ट ही, कीं ह्या विजेच्या मागेंहि सूर्यच होता. अरबी समुद्राचें पाणी तोच उचलतो, मोसमी वारा तें सह्याद्रीवर ओततो, आणि घाटाच्या उतारावर आपण त्याची किंमत वसूल करतों. जो पावसाळा ॲडम्सच्या आरशांचा शत्रु, तोच टाटांचें भांडवल झाला!

गिरण्यांनीं मात्र सूर्याला दाराबाहेरच ठेविलें, आणि तेंहि अक्षरशः. जुन्या गिरण्यांचें दांतेरी छप्पर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस आम्ही काय म्हणतों तें समजेल. करवतीच्या दांतांसारख्या त्या रांगांची उभी, कांचेची बाजू उत्तरेस असे आणि तिरपी, बंद बाजू दक्षिणेस. हेतु असा, कीं सुतावर ऊन न पडतां दिवसभर एकसारखा मंद उजेड पडावा. म्हणजे सूर्याचा उजेड हवा, पण सूर्य नको. आज पॅनेल बसविणारा कारागीर असें छप्पर पाहतो तेव्हां त्याचे डोळे चमकतात. कारण आपल्या अक्षांशावर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून थोडें तिरपें मांडावयाचें असतें, आणि ह्या छपराची अर्धी बाजू जणूं त्याच कामासाठीं शंभर वर्षें रिकामी ठेविली होती. दुर्दैवानें मुंबईच्या बहुतेक गिरण्या हा योग येण्यापूर्वींच जमीनदोस्त झाल्या.

सूर्याच्या उष्णतेची ही वाट खुंटली असतां दुसरी एक वाट हळूहळू तयार होत होती. तिची कथा आम्ही थोडक्यांत सांगतों. १८३९ सालीं एदमाँ बेकरेल ह्या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणास आढळलें, कीं कांहीं द्रवांत बुडविलेल्या धातूच्या पत्र्यावर उजेड पडला तर वीज उत्पन्न होते. १८८३ सालीं चार्ल्स फ्रिट्स यानें सेलेनियमवर सोन्याचा अति पातळ थर देऊन विजेचे घट केले व पुढच्या वर्षीं न्यूयॉर्कांतल्या एका छपरावर ते मांडले. शंभर भाग उजेडांतून जेमतेम एक भाग वीज निघे. खरें फळ मिळालें तें १९५४ च्या एप्रिलांत, जेव्हां अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या चॅपिन, फुलर व पिअर्सन ह्या तिघांनीं सिलिकॉनचा घट जगापुढें ठेविला. तो शंभरांतले सुमारें सहा भाग वीज देई. पण किंमत अशी, कीं ती परवडे फक्त आकाशांत. १९५८ पासून उपग्रहांवर हे घट बसूं लागले. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले, तेव्हां जमिनीवरच्या लोकांस त्यांची आठवण झाली. आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ह्या सरकारी कंपनीनें १९७७ सालीं पहिला सौर घट केला.

कुलाब्याची वाट मात्र अगदींच बुजली नव्हती, आणि ती पुन्हां उघडली ती घोडेगांवच्याच जिल्ह्यांत, हें सांगतांना आम्हांस विशेष आनंद होतो. शिर्डीच्या साईसंस्थानाच्या प्रसादालयावर २००९ सालीं ७३ मोठ्या तबकड्या बसविल्या गेल्या. प्रत्येक तबकडी सोळा चौरस मीटरांची. ती सूर्याकडे तोंड करून फिरते, पाण्याची वाफ करते, आणि त्या वाफेवर हजारों यात्रेकरूंचा भात व वरण शिजतें. खर्च १ कोटि ३३ लक्ष रुपये झाला आणि त्यांतील बराच भाग केंद्र सरकारनें दिला. ॲडम्सचे आरसे ७२, शिर्डीच्या तबकड्या ७३; हा निव्वळ योगायोग, पण आम्हांस तो आवडतो. त्याच्या थोडें आधीं, २००६ च्या सुमारास, लातूरच्या महानंद दुग्धशाळेंत मुंबईच्या आय. आय. टी.च्या साहाय्यानें बनविलेली सुमारें १६० चौरस मीटरांची एक प्रचंड तबकडी उभी राहिली. तिचें नांव 'अरुण'. सूर्याच्या सारथ्याचें नांव देणाऱ्याच्या रसिकतेस आमचा नमस्कार असो. तिच्या उष्णतेनें दूध तापवून निर्जंतुक करीत. म्हणजे पाहा: दुग्धशाळा आणि अन्नछत्र, दोन्ही ठिकाणीं काम दिवसां चालतें, आणि उष्णता जेथल्या तेथें खपते. जेथें सूर्याची वेळ आणि कामाची वेळ जुळली, तेथें १८७८ चा हिशेबहि जुळला.

पण सर्वच कारखान्यांची वेळ जुळत नाहीं. ती जुळवून दिली दोन गोष्टींनीं. एक भाव, दुसरी मीटर.

भावाचें असें झालें. भारत सरकारनें २०१० च्या जानेवारींत राष्ट्रीय सौर मिशन सुरू केलें, त्या वर्षीं केंद्रीय आयोगानें सौर विजेचा दर युनिटास १७ रुपये ९१ पैसे धरला होता. वर्ष संपण्यापूर्वीं लिलावांत तो अकरा रुपयांच्या आंत आला. आणि २०१७ च्या मे महिन्यांत राजस्थानांतील भडला येथें तो २ रुपये ४४ पैशांवर उतरला. सात वर्षांत अशी उतरण दुसऱ्या कोणत्या जिनसेची झाली असेल? घोडेगांवचा कांदाहि इतका पडत नाहीं, असें कोणी म्हणेल. पण कांदा पडतो तो पुन्हां चढावयास, हा भाव पुन्हां पूर्वीच्या उंचीवर चढला नाहीं. ही स्वस्ताई मुख्यतः चीनच्या कारखान्यांची. पूर्वीं पश्चिमेकडून जहाजानें कोळसा येई, आतां पूर्वेकडून जहाजानें पॅनेल येतें, असें म्हणून कांहीं लोक उसासा टाकितात. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं, आणि म्हणूनच सरकारनें १ एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलांवर शेंकडा चाळीस जकात बसविली. तथापि कोळसा एकदां जळला कीं दुसरें जहाज मागवावें लागे. पॅनेल एकदां छपरावर चढलें कीं पंचवीस वर्षें उतरत नाहीं. हा भेद लहान नव्हे.

मीटरची गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण ॲडम्सच्या रात्रीच्या प्रश्नाला उत्तर येथें मिळालें. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें २०१५ सालीं छपरांवरच्या विजेसाठीं नेट मीटरिंगचे नियम केले. त्यांचा अर्थ असा: दुपारीं कारखान्यास लागून उरलेली वीज सार्वजनिक तारांत सोडावयाची, मीटर ती मोजून घेणार, आणि रात्रीं कारखाना तारांतून जी वीज ओढील तिच्यांतून ती वजा होणार. जणूं सावकाराकडे दुपारीं ठेव ठेवावी आणि रात्रीं उचलावी, व्याज नाहीं आणि तोटाहि नाहीं. रविवारीं कारखाना बंद असला तरी पॅनेल कामावर हजर. एक किलोवॅट पॅनेलांस सावली नसलेली सुमारें दहा चौरस मीटर जागा लागते आणि तें दिवसास सरासरीनें चार युनिटें देतें. म्हणजे हजार चौरस मीटरांच्या शेडीवर शंभर किलोवॅट मावतात व वर्षाला दीड लाखाच्या जवळपास युनिटें मिळतात. ज्याच्याजवळ भांडवल नाहीं त्याच्या छपरावर दुसरा कोणी स्वतःच्या खर्चानें पॅनेलें मांडतो आणि कारखानदार फक्त युनिटांचे पैसे देतो, असेहि करार पुष्कळ होतात.

कागदावर हें सर्व सोपें दिसतें. छपरावर चढल्यावर अडचणी दिसूं लागतात. जुन्या शेडीच्या लोखंडी कैच्या फक्त पत्र्याचें आणि वाऱ्याचें ओझें धरून बांधलेल्या असतात. त्यांवर प्रत्येक चौरस मीटरास बारा-पंधरा किलोंची भर पडावयाची, तर आधीं जाणत्या इंजिनियराकडून त्या तपासून घ्याव्या लागतात. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर पॅनेल राहूं द्या, माणसाचा पायसुद्धां त्यांतून खालीं जातो. पत्र्यास भोंकें पाडून ठोकलेलीं पॅनेलें पहिल्या पावसांत गळतीची तक्रार घेऊन येतात. म्हणून पन्हळीच्या उंचवट्यास चिमट्यानें पकडण्याची पद्धत चांगली. शिवाय लोकांस वाटतें, जितकें ऊन कडक तितकी वीज जास्त. वास्तविक पॅनेलास उजेड हवा, उष्णता नको. तें जसजसें तापतें तसतशी त्याची वीज घटते. त्यामुळें मे महिन्याच्या रखरखाटापेक्षां फेब्रुवारीचा स्वच्छ, थंड दिवस त्यास अधिक मानवतो. आणि धूळ! आमच्या ह्या जिल्ह्यांत साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून गळीत हंगामांत काळी राख उडते, कांद्याच्या बाजारांत पातीचा आणि सालपटांचा धुरळा असतो. पॅनेल धुवावयास पाणी पाहिजे, आणि पाण्याची टंचाई ज्या महिन्यांत अधिक त्याच महिन्यांत धूळहि अधिक.

परंतु सर्वांत मोठा अपेक्षाभंग निराळाच आहे. आमच्या एका स्नेह्यानें आपल्या लहानशा कारखान्यावर पॅनेलें बसविलीं. पहिल्याच महिन्यांत भर दुपारीं सरकारी वीज गेली आणि त्याचीं यंत्रेंहि थांबलीं. माथ्यावर लखलखीत ऊन, छपरावर लाखों रुपयांचीं पॅनेलें, आणि कारखान्यांत अंधार! त्यानें बसवून देणाऱ्यास बोलावून खडसावलें. तेव्हां त्यास कळलें, कीं हें यंत्र मुद्दाम असेंच केलेलें असतें. तारांतली वीज बंद झाली कीं पॅनेलाचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तसें न झालें तर खांबावर चढलेल्या वायरमनला खालून येणाऱ्या विजेचा धक्का बसून तो प्राणास मुकेल. हा नियम रास्त आहे. पण हें विकतांना कोणी सांगत नाहीं, आणि ग्राहकहि विचारीत नाहीं. निराळी बॅटरी घेतल्यावांचून हीं पॅनेलें कारखान्याला स्वतंत्र करीत नाहींत. उलट तारेशीं अधिकच घट्ट बांधतात.

ह्या बांधलेपणांतूनच आजचा खरा वाद निघाला आहे. त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, कारण वर्तमानपत्रांत तो केवळ आंकड्यांचा म्हणून येतो. महाराष्ट्रांत कारखान्याला आणि दुकानाला विजेचा जो दर पडतो तो तिच्या सरासरी खर्चाहून अधिक असतो आणि शेतीपंपाचा दर खर्चाहून कमी; एकाच्या जादा पैशांतून दुसऱ्याची तूट भरून निघते. आतां छपरावर पॅनेलें बसवितो कोण? ज्याचा दर सर्वांत चढा आहे तो. तोच ग्राहक दिवसाचीं युनिटें घेईनासा झाला, तर त्याच्या जादा पैशांवर ज्यांची तूट भरत होती त्यांचें काय होणार? विजेच्या कंपनीला खांब, तारा, रोहित्रें हीं तशींच राखावीं लागतात, कारण रात्रीं तो ग्राहक परत येणारच. कारखानदार उलट म्हणतो, कीं मीं माझ्या पैशांनीं माझ्या छपरावर वीज केली, तिच्यावर दुसऱ्याचा हक्क कसा? दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. नियमांचीं गेल्या कांहीं वर्षांतलीं वळणें पाहिलीं म्हणजे सरकारचेंहि मन दोलायमान आहे हें दिसून येतें. २०१५ सालीं केंद्रानें २०२२ पर्यंत छपरांवर ४० हजार मेगावॅट बसविण्याचा संकल्प सोडला. मुदत संपली तेव्हां त्याचा चौथा हिस्साहि झाला नव्हता, आणि जें झालें त्यांतील निम्म्याहून अधिक कारखाने व व्यापारी इमारती यांवर होतें. तरीहि डिसेंबर २०२० मध्यें केंद्राच्या नियमांत नेट मीटरिंग दहा किलोवॅटच्या आंत कोंडलें गेलें. उद्योगांनीं ओरड केली; दुसऱ्या वर्षीं मर्यादा ५०० किलोवॅट झाली. २०२३ सालीं आणखी एक नियम आला, कीं उन्हाच्या तासांत वीज स्वस्त द्यावी आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत महाग. म्हणजे दुपारची ठेव आणि रात्रीची उचल यांचा भाव एक राहूं नये, असा कल झाला. ॲडम्सचा रात्रीचा प्रश्न मीटरनें सोडविला असें आम्हीं वर म्हटलें. तें आतां थोडें दुरुस्त करून घ्यावें लागेल. मीटरनें तो कांहीं वर्षें पुढें ढकलला.

आमचें मत विचाराल तर, कारखानदारास दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण शेतकऱ्याची तूट त्याच्या बिलांत लपवून ठेवण्याची जुनी रीति आतां चालणार नाहीं, हेंहि उघड आहे. ह्याची जाणीव सरकारला झाली आहे असें दिसतें, आणि तिचें पहिलें चिन्ह पुन्हां ह्याच जिल्ह्यांत उमटलें. २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, तेव्हां पहिल्या प्रकल्पांसाठीं निवडलेल्या गांवांत पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धि होतें. कल्पना अशी, कीं शेतीपंपांच्या वाहिनीजवळ पॅनेलांचें शेत उभें करावें आणि पंपांस तेथलीच वीज दिवसां द्यावी. कारखान्याच्या दृष्टीनें दिवसाची वीज म्हणजे काटकसर. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ती जिवाची गोष्ट आहे. नेवाशाच्या ऊंसाच्या मुलुखांत रात्रीं दोन वाजतां मोटर चालू करावयास जो माणूस बॅटरी घेऊन बांधावरून जातो, त्याला पायाखालीं सापाचें आणि ऊंसांत बिबट्याचें भय असतें. त्याला पंपाची वीज दुपारीं मिळाली, तर त्याच्या बिलापेक्षां त्याच्या घरच्यांची झोंप अधिक सुधारेल. २०२४ सालीं शेजारच्या वैजापूर तालुक्यांत धोंदलगांवासहि असा प्रकल्प सुरू झाला. ही योजना पुरी झाली तर कारखान्याच्या छपराचा आणि शेताच्या बांधाचा तंटा बराचसा मिटेल. अर्धवट राहिली तर तो वाढेल.

ह्या सर्व विचारांत घोडेगांवचा पत्रा कोठें बसतो? लिलाव आटोपल्यावर एका आडतदाराशीं आम्ही ह्याच विषयावर बोलत बसलों होतों. त्यानें आपल्या शेडीचें माप काढून, विजेचीं वर्षभराचीं बिलें जुळवून, पैसे पांच वर्षांच्या आंत फिटतील असा हिशेब केला होता आणि तो बरोबर होता. अडचण एवढीच, कीं शेड त्याची नाहीं. भाडेपट्टा अकरा महिन्यांचा. पॅनेलाचें आयुष्य पंचवीस वर्षांचें. मालक म्हणतो, बिल तुझें, मग खर्चहि तुझा. हा म्हणतो, छप्पर तुमचें, उद्यां मला उठविलें तर? त्यानें आम्हांस विचारलें, कीं चिमटे सोडून पॅनेलें उतरवून दुसरीकडे नेतां येतील कीं नाहीं. नेतां येतील, आम्हीं सांगितलें. पण मीटर आणि त्याची परवानगी जागेला चिकटलेली आहे, ती नव्या जागीं नव्यानें काढावी लागेल. तो थोडा वेळ पत्र्याकडे पाहत राहिला. मग त्यानें हिशेबाचा कागद घडी करून वहींत ठेविला, आणि गाडी भरावयास हमाल हांक मारीत होते तिकडे निघून गेला.